आधी हंगाम मोजा, मग गेटवे निवडा

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी इथे बसून सॉफ्टवेअर करणाऱ्या तीन-चार जणांच्या टीम आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. कुणी बागायतदारांसाठी हापूसच्या थेट विक्रीचं ॲप चालवतं, कुणी तारकर्ली-देवबागच्या होमस्टेंचं बुकिंग सांभाळतं. सुरुवातीला एक सर्व्हर आणि एक ॲप एवढाच कारभार असतो. मग पुण्यातल्या सोसायट्यांना एकगठ्ठा पेट्या पुरवणारी कंपनी म्हणते, "तुमचा एपीआय द्या, आमच्या ॲपवरून ऑर्डर टाकतो." (एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामशी बोलायची ठरलेली वाट.) पाठोपाठ ट्रान्सपोर्टवाल्याला गाडीत किती पेट्या चढल्या ते कळायला हवं असतं. तेवढ्यात टीममधलं कुणीतरी म्हणतं की आता एपीआय मॅनेजमेंट प्लॅटफॉर्म घ्यायला हवा, आणि शोधाशोधीचं काम सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. हा लेख त्या माणसासाठी आहे. उदाहरण म्हणून आंबाविक्रीचंच ॲप धरू.

हे प्रकरण नेमकं काय असतं

वाडीला गडगा घातलेला असतो आणि आत यायला एकच बेडं असतं, तसा गेटवे. बाहेरून येणारी प्रत्येक विनंती आधी त्याच्याकडे येते. कोण आलंय, कशासाठी आलंय, मिनिटाला कितीदा येतंय हे तो बघतो आणि मगच तिला आतल्या योग्य सेवेकडे पाठवतो. ऑर्डरची सेवा वेगळ्या सर्व्हरवर असेल आणि साठ्याची वेगळ्या, तरी बाहेरच्याला पत्ता एकच दिसतो.

गेटवे हा प्लॅटफॉर्मचा एक भाग झाला. दुसरा भाग डेव्हलपर पोर्टल. बाहेरच्या कंपनीचा प्रोग्रामर तिथे येतो, कागदपत्रं वाचतो, एपीआय की (ओळखीची गुप्त चावी) घेतो आणि तुम्हाला फोन न करता काम सुरू करतो. तिसरा भाग कारभाराचा: कुणाला कुठला नियम, कुठली आवृत्ती चालू, कुठली बंद होणार, कोण किती वापरतंय. काही प्लॅटफॉर्म वापरावर पैसे आकारायचीही सोय देतात. विक्रेते या सगळ्याला मिळून 'प्लॅटफॉर्म' म्हणतात, आणि बहुतेक लहान टीमना त्यातला फक्त पहिला भाग हवा असतो. किंमत मात्र तिन्ही भागांची पडते.

पायरी १: हाका कोण मारणार त्यांची यादी

कुठल्याही कंपनीचं संकेतस्थळ उघडण्याआधी एक कागद घ्या. तुमच्या एपीआयला कोण कोण कॉल करणार, म्हणजे विनंती पाठवणार, ते लिहा. आपल्या उदाहरणात चौघं आहेत: ग्राहकाचं मोबाईल ॲप, पुण्याची घाऊक कंपनी, ट्रान्सपोर्टवाल्याची प्रणाली, आणि पैसे जमा झाल्याचं कळवणारं पेमेंट कंपनीचं वेबहूक (घटना घडली की त्यांच्या सर्व्हरने आपणहून केलेला कॉल).

चौघांची ओळख पटवायची रीत वेगवेगळी आहे, हे इथेच लक्षात येतं. घाऊक कंपनीला एपीआय की देता येईल. मोबाईल ॲपमध्ये की लपवून ठेवता येत नाही, कारण ॲपची फाईल उघडून ती कुणीही काढू शकतं. तिथे ग्राहकाने लॉगिन करून मिळवलेलं थोड्या मुदतीचं टोकन, म्हणजे ओळखीचा डिजिटल पास, लागतं. त्यासाठी ओऑथ २.० (परवानगी द्यायची रीत) आणि जेडब्ल्यूटी (सही केलेल्या टोकनचा साचा) ही रुळलेली मानकं आहेत. वेबहूकचं तिसरंच. पेमेंट कंपनी तुमची की वापरत नाही, ती मजकुरावर स्वतःची सही करून पाठवते. सही तपासायला तो मजकूर अक्षर न अक्षर जसाच्या तसा लागतो. गेटवेने मध्येच जेसन (माहिती पाठवायचा मजकुराचा साचा) सुटसुटीत करून पुढे ढकललं की सही जुळत नाही आणि पैसे भरूनही ऑर्डर 'बाकी' दिसत राहते. म्हणून वेबहूकच्या मार्गावर मजकुरात बदल करणारा एकही नियम लावायचा नाही.

यादीत चारच्या जागी एकच नाव, म्हणजे फक्त तुमचं स्वतःचं ॲप, असेल तर इथेच थांबा. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये रेट लिमिट (ठराविक वेळेत किती विनंत्या चालतील याची मर्यादा) लावायची सोय मुळातच असते, टोकन तपासणं तुमच्या फ्रेमवर्कमध्ये होतं. प्लॅटफॉर्मची गरज अजून पडलेली नाही. पुढच्या वर्षी बघा.

पायरी २: एपीआयचं वर्णन फाईलमध्ये

ओपनएपीआय स्पेसिफिकेशन हे मानक पूर्वी स्वॅगर नावाने ओळखलं जायचं. २०१५ पासून ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. यामल या साध्या मजकुराच्या साच्यातल्या फाईलमध्ये तुम्ही लिहिता की ऑर्डर टाकायचा मार्ग कुठला, त्यात कुठली माहिती हवी, उत्तर कसं येईल. जवळजवळ प्रत्येक प्लॅटफॉर्म ही फाईल आयात करतो. पुढे प्लॅटफॉर्म बदलायची वेळ आली तर बरोबर नेण्यासारखी हीच एक ठेव आहे, म्हणून ती प्लॅटफॉर्मच्या डॅशबोर्डमध्ये न ठेवता आपल्या गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यात) ठेवा.

मार्गात आवृत्ती पहिल्या दिवसापासून घाला, म्हणजे 'व्ही-१'. लोक ॲप अपडेट करत नाहीत. मागच्या मोसमात टाकलेलं ॲप यंदा मार्चमध्ये उघडतात आणि थेट ऑर्डर टाकायला जातात.

पायरी ३: हंगामाचा हिशोब

इथे कोकणातल्या टीमचा प्रश्न बंगळुरूच्या टीमपेक्षा वेगळा होतो, म्हणून जरा सावकाश जाऊ. आपला धंदा बारमाही नाही. आंबा मार्च ते मे. होमस्टेवाल्यांना दिवाळी, नाताळ आणि मे महिना. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, तेव्हा मासळीविक्रीचं ॲप झोपलेलंच. गणपतीला चाकरमानी आले की गाड्यांच्या बुकिंगचा पूर येतो आणि अनंत चतुर्दशीनंतर तो ओसरतो.

समजा, आंब्याच्या तीन महिन्यांत महिन्याला ३० लाख कॉल येतात आणि उरलेल्या नऊ महिन्यांत २ लाख. वर्षाचे झाले १०८ लाख. आता कमाल वेग काढा. महिन्याला ३० लाख म्हणजे दिवसाला साधारण १ लाख. त्यातले वीस टक्के एकाच तासात आले असं धरा: २० हजार भागिले ३६०० सेकंद, म्हणजे सेकंदाला साडेपाच. अक्षय्य तृतीयेला याच्या पाचपट गर्दी धरली तरी सेकंदाला २८.

हा आकडा नीट बघा. विक्रेते आपला गेटवे सेकंदाला कित्येक हजार विनंत्या पेलतो म्हणून आलेख दाखवतात. तुम्हाला तीस पेलणारा हवाय. वेगाच्या तुलना वाचण्यात घालवलेली संध्याकाळ फुकट जाते.

आता बिल. अमेझॉनचा एपीआय गेटवे २०१५ साली आला, त्यातले दोन प्रकार आपल्या कामाचे आहेत. साधा एचटीटीपी एपीआय दहा लाख कॉलना एक डॉलरच्या आसपास पडतो, जास्त सोयींचा रेस्ट एपीआय साडेतीन डॉलरच्या आसपास. आपल्या १०८ लाख कॉलना पहिल्यात वर्षाला साधारण ११ डॉलर, दुसऱ्यात ३८. पावसाळ्यात बिल आपोआप उतरतं. उलट ज्या प्लॅटफॉर्मचं भाडं तासावर किंवा महिन्यावर असतं, तिथे जुलैत एकही पेटी न विकता मे महिन्याइतकंच भरावं लागतं. गूगलच्या ॲपिजी या प्लॅटफॉर्ममध्ये वापरानुसार बिलाचा पर्याय आहे, पण त्यातही कॉलखेरीज एन्व्हायर्नमेंट (एपीआय चालवायची जागा) चालू ठेवल्याचा तासाचा आकार असतो. दरपत्रक वाचताना हाच प्रश्न धरून वाचा: एकही कॉल आला नाही तर किती?

आणखी एक खर्च दरपत्रकात वेगळ्या पानावर असतो, तो लॉगचा, म्हणजे प्रत्येक कॉलच्या नोंदीचा. प्रत्येक कॉलमागे २ केबी नोंद धरली तर वर्षाचे २१-२२ जीबी होतात, ते परवडतं. पण कुणी 'सगळंच लिहून ठेवू' म्हणून पेट्यांच्या फोटोंसकट अख्खा मजकूर लॉग करायला लागलं, की गेटवेपेक्षा लॉगचं बिल मोठं होतं. वर ग्राहकांचे पत्ते आणि फोन नंबर त्या लॉगमध्ये उघडे पडतात ते वेगळंच.

पायरी ४: तीन घराणी

बाजारातली नावं पुष्कळ आहेत, पण नव्या माणसाने त्यांचे तीनच गट लक्षात ठेवले तरी भागतं.

पहिला गट क्लाउडवाल्यांचा. तुमचे सर्व्हर अमेझॉनवर असतील तर अमेझॉनचा गेटवे, मायक्रोसॉफ्टवर असतील तर अझूर एपीआय मॅनेजमेंट. अमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ पासून आहे. मायक्रोसॉफ्टचा 'सेंट्रल इंडिया' विभाग म्हणजे आपलं पुणे. सर्व्हर सांभाळायला लागत नाहीत हा मोठा फायदा. पण बारीक अक्षरं वाचा. अमेझॉनच्या स्वस्त एचटीटीपी एपीआयमध्ये जेडब्ल्यूटी तपासायची सोय आहे, मात्र एपीआय की आणि प्रत्येक ग्राहकाची वेगळी मर्यादा नाही; ती रेस्ट एपीआयमध्ये मिळते. आपल्या घाऊक कंपनीला की द्यायची तर तिच्यापुरता रेस्ट एपीआय घ्यावा लागेल. अझूरच्या वापरानुसार बिलाच्या कन्झम्प्शन श्रेणीत डेव्हलपर पोर्टल येत नाही, आणि डेव्हलपर श्रेणी नुसती चाचणीसाठी आहे, तिच्यावर चालू राहण्याची हमी नाही. ग्राहकांना लागणारी सेवा तिच्यावर ठेवू नका, कितीही स्वस्त वाटली तरी.

दुसरा गट स्वतः बसवायच्या, मुक्त स्रोत असलेल्या गेटवेंचा. काँग हा एनजिनएक्सच्या पायावर उभा आहे आणि २०१५ साली खुला झाला. अपाची एपीआयसिक्सही त्याच पायावर आहे, सेटिंग ठेवायला तो एट्सीडी नावाचा डेटाबेस वापरतो. टाईक गो भाषेत लिहिलेला, त्याला रेडिस हा डेटाबेस लागतो. क्रॅकेनडीला डेटाबेसच लागत नाही, सगळं एका फाईलमध्ये. श्रीलंकेत सुरू झालेल्या डब्ल्यूएसओ-टूमध्ये पोर्टलसकट सगळं मिळतं, पण तो वजनाला जड आहे. हे सगळे चकटफू उतरवता येतात आणि नंतर ते रात्री अकरा वाजता तुमच्याकडे लक्ष मागतात. कोण अपडेट करणार, कोण डेटाबेसचा बॅकअप घेणार, हे नाव घेऊन ठरवा. नाव ठरत नसेल तर हा गट सोडा.

या गटातलं काही घेतलंच तर ते भाड्याच्या सर्व्हरवर, मुंबई-पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये चालवा. ऑफिसमधल्या संगणकावर नको. जून ते सप्टेंबर इथली वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा किती, हे कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको; २०२० चं निसर्ग वादळ आणि २०२१ चा चिपळूणचा पूर फार जुने नाहीत.

तिसरा गट मोठ्या उद्योगांसाठीचा: ॲपिजी, म्यूलसॉफ्ट आणि त्यांच्यासारखे. बँका, विमा कंपन्या, शेकडो एपीआय असलेली कार्यालयं यांच्यासाठी ते ठीक आहेत. चार माणसांच्या टीमने त्यांच्या विक्री प्रतिनिधीबरोबर मीटिंग लावली तर चहा चांगला होतो, एवढंच.

नावं बघताना मालकीही बघा. ॲपिजी गूगलने २०१६ साली घेतलं, म्यूलसॉफ्ट सेल्सफोर्सने २०१८ साली, अझूरचं उत्पादन मायक्रोसॉफ्टने २०१३ साली विकत घेतलेल्या ॲपिफनीतून आलं. मालक बदलला की दर आणि परवान्याच्या अटी बदलू शकतात. पायरी २ मधली फाईल आपल्याकडे का ठेवायची, ते यावरून कळेल.

पायरी ५: दोनच निवडा आणि छळून बघा

यादीतून दोन नावं काढा. प्रत्येकावर एकच एपीआय चढवा, ऑर्डर टाकायचा. मग पुढच्या गोष्टी स्वतः करून बघा. विक्रेत्याच्या डेमोत त्या कधी दिसत नाहीत.

घाऊक कंपनीची की रद्द करा आणि घड्याळ लावा. रद्द केलेल्या कीवरून किती वेळ ऑर्डर जात राहते? काही गेटवे ओळख तपासलेली थोडा वेळ लक्षात ठेवतात, त्यामुळे हा वेळ शून्य नसतो. किती आहे ते माहीत हवं.

मर्यादा ओलांडा. उत्तर ४२९ क्रमांकाचं ('फार विनंत्या झाल्या') यायला हवं आणि किती सेकंदांनी पुन्हा यावं तेही सांगायला हवं. मर्यादा कशावर मोजली जाते ते इथे तपासा. पुष्कळ ठिकाणी आधी सुचवलेली सेटिंग आयपी पत्त्यावर मोजते. मोबाईल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे ठेवतात. आयपीवर मर्यादा लावली तर अक्षय्य तृतीयेच्या सकाळी एका ग्राहकाच्या घाईपायी दुसऱ्याची ऑर्डर अडते. मोजणी कीवर किंवा लॉगिन केलेल्या माणसावर लावा. अमेझॉन स्वतःच्या कागदपत्रांत सांगतं की त्यांच्या यूसेज प्लॅनच्या (प्रत्येक कीला ठरवून दिलेल्या वापराच्या) मर्यादा काटेकोर पाळल्या जातीलच असं नाही आणि एपीआय की ही ओळख पटवायचं साधन समजू नये. असं स्पष्ट लिहिलेलं कागदपत्र मला जाहिरातीपेक्षा बरं वाटतं.

मागचा सर्व्हर बंद करा. गेटवे काय उत्तर देतो, किती वेळ वाट बघतो? अमेझॉनच्या रेस्ट एपीआयमध्ये मुळात ठरवलेली मुदत २९ सेकंदांची आहे. हंगामअखेरचा बागायतदारनिहाय हिशोब तयार व्हायला मिनिट लागत असेल तर तो एका कॉलमध्ये बसणार नाही. 'काम घेतलंय, हा घ्या क्रमांक' असं उत्तर लगेच द्या आणि निकाल नंतर वेगळ्या मार्गाने मागू द्या.

मग नेट तोडा. आपल्याकडे ही चाचणी सोपी आहे, सड्यावरून उतरून वाडीत या. ॲपने ऑर्डर पाठवली, सर्व्हरने घेतली, पण उत्तर परत येताना रेंज गेली. ॲप पुन्हा पाठवतं. एका पाच डझनी पेटीच्या दोन झाल्या. गेटवे हे सोडवत नाही. प्रत्येक ऑर्डरबरोबर ॲपने एक न बदलणारा क्रमांक पाठवावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवी ऑर्डर न करता जुनंच उत्तर द्यावं, हे तुमच्या कोडचं काम. गेटवे स्वतःहून पुन्हा प्रयत्न करत असेल तर ऑर्डरच्या मार्गावर ते बंद करा.

शेवटी सगळं सेटिंग फाईलमध्ये बाहेर काढता येतं का बघा. नुसतं डॅशबोर्डवर टिचक्या मारून बनवलेलं सेटिंग तीन महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

पायरी ६: गेटवे जे बघत नाही

टोकन खरं, मर्यादा पाळलेली, सगळं बरोबर. ग्राहक १०४१ क्रमांकाची ऑर्डर बघतो, मग गंमत म्हणून पत्त्यात १०४२ टाकतो आणि त्याला दादरच्या कुणाचं तरी नाव, पत्ता, फोन दिसतो. ओडब्ल्यूएएसपी या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या एपीआय सुरक्षेच्या यादीत २०१९ आणि २०२३ अशा दोन्ही वेळा पहिल्या क्रमांकावर हीच चूक आहे. ऑर्डर कुणाची हे गेटवेला ठाऊक नसतं, त्यामुळे तो ती पकडू शकत नाही. 'ही ऑर्डर या माणसाची आहे का' ही तपासणी प्रत्येक मार्गावर तुमच्याच कोडमध्ये हवी. प्लॅटफॉर्म घेतला म्हणून सुरक्षा झाली असं साहेबांना सांगू नका.

कायद्याचं थोडक्यात. ग्राहकांची माहिती हाताळता म्हणजे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तुमच्यासाठीही आहे; त्याच्या अटी टप्प्याटप्प्याने लागू होतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. अनेक प्लॅटफॉर्मच्या स्वस्त श्रेणीत लॉग याहून कमी दिवस राहतात, तेव्हा ते वेगळीकडे साठवायची सोय पहिल्याच आठवड्यात करा. फोन नंबर आणि टोकन लॉगमध्ये झाकलेले हवेत.

पायरी ७: बदल कधी करायचा

आपल्या उदाहरणातल्या टीमला मी काय सुचवेन? सर्व्हर आधीच अमेझॉनवर असतील तर मोबाईल ॲपसाठी एचटीटीपी एपीआय, घाऊक कंपनी आणि ट्रान्सपोर्टसाठी रेस्ट एपीआय. पोर्टल नको, दोन भागीदारांना यामल फाईल आणि एक फोन पुरतो. भागीदार दहाच्या वर गेले की पोर्टलचा विचार. सर्व्हर दुसऱ्या कुणाकडे असतील आणि टीममध्ये लिनक्स अंगवळणी पडलेला एक माणूस असेल तर क्रॅकेनडी किंवा काँग, तोही डेटाबेसशिवाय चालवायच्या पद्धतीने.

गेटवे बसवायचं काम मोहोर धरल्यावर काढू नका. आंब्याच्या ॲपला जुलै-ऑगस्ट बरा, होमस्टेच्या ॲपला गणपती आणि दिवाळीच्या मधली फट. आधी ट्रान्सपोर्टवाल्याचा मार्ग वळवा, कारण तो सगळ्यात लहान आणि चूक झाली तर फोनवर सांगता येते. आठवडाभर दोन्ही वाटा चालू ठेवून लॉग ताडून बघा. मग घाऊक कंपनी, मग ॲप. वेबहूक सगळ्यात शेवटी, आणि ते वळवताना एका रुपयाची खरी ऑर्डर टाकून पैसे जमा झाल्याची नोंद होते का ते बघूनच. जुना पत्ता लगेच मारू नका. बंद होण्याची तारीख उत्तराच्या 'सनसेट' हेडरमध्ये (उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) घाला, भागीदारांना ईमेल करा, आणि पुढचा मोसम संपेपर्यंत त्या पत्त्यावर अजून कोण येतंय त्याची यादी दर सोमवारी काढत राहा.